आई किंवा बाबा युद्धावर जातात तेव्हा: घरी राहणाऱ्या पालकासाठी मार्गदर्शक

तैनातीचा आदेश आला की पहिले काही दिवस फोन, सामान आणि सह्या यांतच निघून जातात. मुलांशी बोलणं ‘उद्या निवांत बोलू’ म्हणत मागे पडतं. तोवर मुलांनी दाराआडून अर्धंमुर्धं ऐकलेलं असतं आणि उरलेलं स्वतःच्या मनाने जोडलेलं असतं.

माझी बायको लष्करात डॉक्टर आहे. युद्धकाळात तिची तैनाती झाली तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती, मुलगा बालवाडीत, आणि घर माझ्याकडे. आम्हाला सूचना भरपूर मिळाल्या, पण जवळजवळ सगळ्या निघण्याच्या दिवसापर्यंतच्या. नंतरच्या महिन्यांत काय होतं, आणि माणूस परतल्यावर घरात किती उलथापालथ होते, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. म्हणून या लेखात त्या भागाला जास्त जागा दिली आहे. मी ‘आई गेली’ असं लिहीन. तुमच्याकडे बाबा जाणार असतील तर तसं वाचा.

## १. तैनाती किती लांबीची असते ते आधी ओळखा

कागदावरच्या तारखा हा तिचा फक्त मधला भाग. अमेरिकी लष्करातल्या संशोधकांनी २००१ साली तैनातीच्या काळाचे पाच टप्पे मांडले होते: निघण्याआधीचा काळ, पहिला महिना, मधले महिने, परतण्याआधीचा शेवटचा महिना आणि परतल्यानंतरचे साधारण तीन ते सहा महिने. प्रत्येक घरात हे असंच आणि याच क्रमाने होईल असं नाही. पण एक उपयोग नक्की होतो. मधल्या महिन्यांत घराची घडी बसली की ‘आपण तिला विसरलो की काय’ अशी टोचणी लागते, ती स्वाभाविक आहे हे कळतं. आणि परत येण्याचा दिवस हा शेवट नसून पाचव्या टप्प्याची सुरुवात आहे, हे कॅलेंडरवर दिसतं. सहा महिन्यांची तैनाती असेल तर मनाशी वर्षाचा हिशेब धरा.

## २. कागदपत्रं: निघण्याआधी, दोघांनी बसून

एकाच फाइलमध्ये हे सगळं असू द्या:

- मुखत्यारपत्र. बँक, घर, वाहन यांपैकी कशाकशासाठी ते चालेल हे स्पष्ट लिहिलेलं हवं.
- दोघांची मृत्युपत्रं, मुलांचा पालक कोण असेल या उल्लेखासह.
- विमा, बँक खाती आणि निवृत्तिवेतन यांवरच्या वारस नोंदींच्या प्रती.
- मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची नोंद, पासपोर्ट, विवाहाचा दाखला.
- तुम्ही आजारी पडलात तर आजी-आजोबा किंवा दुसरं कोणी मुलांना डॉक्टरकडे नेऊ शकेल असं संमतीपत्र.
- तिचा सेवा क्रमांक, युनिटचं पूर्ण नाव, टपालाचा पत्ता आणि कुटुंबांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा नंबर.
- पासवर्ड, हप्त्यांच्या तारखा, घराच्या किल्ल्या कुठे आहेत त्याची यादी.

यात दोन खड्डे ठरलेले. पहिला मुदतीचा. मुखत्यारपत्र ठरावीक काळासाठी केलेलं असतं आणि तैनाती लांबते. मग ऐन गरजेच्या वेळी कागद निरुपयोगी ठरतो. अपेक्षित काळापेक्षा बरीच जास्त मुदत घाला. दुसरा खड्डा वारस नोंदीचा. नोकरीत रुजू होताना भरलेल्या फॉर्मवर अजून आईचं किंवा भावाचं नाव असतं आणि लग्न, मुलं होऊनही ते बदललेलं नसतं. ‘केलं असेल’ यावर विसंबू नका, प्रत मागवून वाचा. मुलांच्या पासपोर्टची मुदतही बघून घ्या. अनेक देशांत नूतनीकरणाला दोन्ही पालकांची संमती लागते.

तुम्ही एकटे पालक असाल, किंवा दोघंही सेवेत असाल, तर मुलं कोणाकडे राहणार हे तोंडी ठरवून भागत नाही. लेखी करा आणि ज्यांच्याकडे ती राहणार त्यांच्या घरी आधी काही दिवस राहून येऊ द्या.

## ३. मुलांना सांगणं

दोघांनी मिळून सांगा, घरातच, आणि झोपायच्या वेळी नको. किती आधी सांगायचं ते वयावर. मोठ्या मुलांना तुम्हाला कळल्यावर लगेच. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन महिने आधी सांगून उपयोग नाही, त्याला ‘दोन महिने’ म्हणजे काय ते समजतच नाही.

सांगायच्या गोष्टी थोड्या असतात: आई कुठे जाते आहे (जितकं सांगायची मुभा असेल तितकं), तिथे काय काम करणार, तिला कोण सांभाळणार, आणि इथे तुला कोण सांभाळणार. मुलाला सर्वांत जास्त काळजी या शेवटच्या प्रश्नाची असते. शाळेत कोण सोडणार, रात्री घाबरलो तर कोणाला उठवू, असे प्रश्न मुलं विचारतात तेव्हा मोठ्यांना ती स्वार्थी वाटतात. तशी ती नसतात. त्यांचं जग तेवढंच आहे.

शाळेच्या आधीच्या वयात मुलांना आपल्या वागण्याने गोष्टी घडतात असं खरोखर वाटतं. ‘मी त्रास दिला म्हणून आई गेली’ हे ती बोलून दाखवतीलच असं नाही, म्हणून न विचारताच सांगून टाका: तुझ्या कशामुळेही आई चाललेली नाही, हे तिचं काम आहे.

टाळायची वाक्यं:

‘आई लवकर येईल.’ लहान मुलाच्या लेखी लवकर म्हणजे उद्या.

‘आईला काही होणार नाही.’ हे तुमच्या हातात नाही, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते कळतं.

‘आता घरात तूच मोठा.’ हे वाक्य पाहुणे, शेजारी, आजोबा सगळे कौतुकाने म्हणतात. मी ते माझ्या घरात बंद केलं, थोडा वाईटपणा घेऊन. किशोरवयीन मुलं ते शब्दशः घेतात. धाकट्यांचं बघतात, स्वतःचं रडणं गिळतात आणि आई परतल्यावर त्यांचं ते पद काढून घेतलं जातं.

‘आई मरेल का?’ हा प्रश्न येईलच. मी दिलेलं उत्तर असं होतं: ‘तिथे धोका आहे. तिला त्याचं प्रशिक्षण दिलेलं आहे आणि ती एकटी नाही. मला काही कळलं तर मी तुझ्यापासून लपवणार नाही.’ तिसरं वाक्य सर्वांत कामाचं आहे. त्यामुळे मूल रोज तुमचा चेहरा वाचत बसत नाही. पण ते मग पाळावं लागतं.

काही प्रश्न अनपेक्षित येतात. मुलीने विचारलं, ‘शत्रूचा माणूस जखमी झाला तर आई त्याला पण तपासते?’ हो, तपासते. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार जखमी कोणत्या बाजूचा आहे हे न बघता उपचार करायचे असतात. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे तिकडची डॉक्टर आईला पण तपासेल.’

## ४. शेवटचे काही दिवस

या दिवसांत नवरा-बायकोची भांडणं वाढतात. विषय क्षुल्लक असतो, गॅसचा नंबर कुठे लिहिलाय वगैरे. जाणारं माणूस मनाने आधीच निघालेलं असतं आणि राहणारं रागावलेलं. बहुतेक घरांत हे होतं. यावरून संसाराचा निकाल लावू नका.

वेळ काढून एक गोष्ट मात्र करा. आईच्या आवाजात गोष्टी, अंगाई, रोजचं ‘उठ रे’ असं सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवा. व्हिडिओपेक्षा मला आवाज जास्त उपयोगी वाटला. अंधारात, डोळे मिटून ऐकता येतो. आणि निरोप न घेता, मूल झोपलेलं असताना निघून जाऊ नका. रडणं टळतं खरं, पण त्यानंतर मूल झोपायलाच घाबरतं.

## ५. पहिला महिना: फार काही बदलू नका

झोपेची वेळ, शाळा, शिस्तीचे नियम आहेत तसेच ठेवा. आई नाही म्हणून सगळं माफ, हे दोन आठवडे बरं चालतं. नंतर मुलांनाच असुरक्षित वाटायला लागतं.

मोठा सापळा म्हणजे घाईने घर किंवा शाळा बदलणं. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक लंडनमध्ये युद्धकाळातली बालगृहं चालवत होत्या. त्यांना दिसलं की ओळखीचं, शांत माणूस जवळ असेल तर लहान मुलं बॉम्बवर्षावही बऱ्यापैकी सहन करतात. त्यांना मोडतं ते आईपासून तुटणं. एक पालक गेल्यावर वर्गशिक्षिका, मित्र आणि स्वतःची खोलीही गेली तर हिशेब खूप वाढतो. आजी-आजोबांची मदत हवी असेल तर शक्यतो त्यांना तुमच्याकडे बोलवा.

आणि हो, तेही कोणाचे तरी आई-वडीलच आहेत. सासूबाई दिवसभर नातवंडांचं करायच्या आणि रात्री टीव्हीसमोर आवाज बंद करून बातम्या बघत बसायच्या. आपल्या लेकीची काळजी त्यांनाही बोलून दाखवता यावी, मुलांच्या माघारी.

## ६. फोन, आणि फोन नसलेले दिवस

फोन आला की मूल धावत येईल आणि भरभरून बोलेल, हे चित्र विसरा. मुलगा पहिल्या व्हिडिओ कॉलवर दहा सेकंद आईकडे बघत बसला, मग त्याने फोन गादीवर उपडा ठेवला आणि शेजारीच गाड्या चालवायला लागला. ती पलीकडून नुसती घर्र-घर्र ऐकत राहिली. मी फोन उचलायला गेलो तर म्हणाली, राहू दे. तेच बरोबर होतं. मुलाला बोलायला लावू नका, जवळ असू द्या.

‘कशी आहेस?’ याला उत्तर ‘बरी’ एवढंच येतं. तिकडून विचारायचे प्रश्न बारीक हवेत: दात पडला का, बाकावर शेजारी कोण बसतं, काल कुठला धडा झाला. त्यासाठी तुम्ही तिला आठवड्याला चार ओळींचा निरोप पाठवत जा.

फोनची वेळ ठरवून मुलांना सांगू नका. युद्धात वेळा पाळता येत नाहीत. अनेक सैन्यांत कोणी दगावलं किंवा जखमी झालं, की त्या कुटुंबाला कळवेपर्यंत सगळ्यांचाच संपर्क बंद ठेवतात. त्यामुळे अचानक आलेल्या शांततेचा अर्थ लावत बसण्यात हशील नाही, आणि कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘कोणाला काही कळलं का?’ असं विचारण्यात तर अजिबात नाही. एका घरची वाईट बातमी त्या गटातून त्यांच्या मुलांपर्यंत पोचू शकते.

तिला घरच्या अडचणी सांगायच्या का? माझा नियम: निस्तरलेली गोष्ट सांगायची, निस्तरत असलेली सांगायची, आणि जिच्यात ती तिथून काहीच करू शकत नाही अशी तातडीची गोष्ट आधी कुटुंब अधिकाऱ्याला सांगून त्याच्यामार्फत कळवायची.

## ७. बातम्या आणि समाजमाध्यमं

लहान मुलांसमोर युद्धाच्या बातम्या लावू नका. एकाच स्फोटाचं दृश्य पाच वेळा दाखवलं तर त्यांना ते पाच स्फोट वाटतात. मोठी मुलं फोनवर बघणारच, तेव्हा त्यांच्या शेजारी बसून बघा.

तारखा, युनिट, ठिकाण, परतीचा दिवस यांपैकी काहीही समाजमाध्यमांवर जाऊ देऊ नका. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपच्या जगभराच्या नकाशावरून २०१८ च्या जानेवारीत लष्करी तळांचे आराखडे लोकांना दिसले होते. तिथे सैनिक फक्त धावत होते, लिहीत काहीच नव्हते. फोटोंतली स्थाननोंद बंद करा. आणि मुलांना कारण सांगा: ‘आई परत येतेय’ असं चारचौघांत लिहिलं तर तिच्यासोबतच्या सगळ्यांना धोका होतो. नुसत्या मनाईपेक्षा हे त्यांना पटतं.

## ८. तुमचं स्वतःचं काय?

अमेरिकेत ११ ते १७ वयोगटातल्या मुलांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गोष्टींचा मुलांच्या त्रासाशी ठळक संबंध दिसला: तैनाती एकूण किती महिने चालली, आणि घरी राहिलेल्या पालकाचं मानसिक आरोग्य कसं होतं. पहिली गोष्ट तुमच्या हातात नाही.

आणखी एका अभ्यासातला आकडा वाचायला जड आहे. मुलांची हेळसांड किंवा मारहाण झाल्याची नोंद असलेल्या सैनिकी कुटुंबांचा २००७ मध्ये एक अभ्यास झाला. त्या घरांत पालक तैनातीवर असताना असे प्रकार तो घरी असतानापेक्षा ४२ टक्के जास्त दराने घडले होते. ती आधीच अडचणीतली घरं होती, मान्य. तरी थकलेल्या एकट्या माणसाच्या हातून काय होऊ शकतं ते यातून कळतं. हात उचलावासा वाटला तर मुलांना सुरक्षित खोलीत ठेवून बाहेर या आणि कोणाला तरी फोन करा. तो नंबर आधीच ठरलेला असू द्या.

मदत मागताना काम नेमकं सांगा. ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला ‘मंगळवारी मुलीला क्लासला सोडाल का?’ असं विचारा, लोक आनंदाने करतात. पुरुष पालकांना एक जादा त्रास असतो: ‘बिचारी पोरं, आईविना’ असं मुलांच्या देखत म्हणणारे. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. आई आहे, कामावर आहे.

## ९. कोणती लक्षणं चालतील, कोणती नाहीत

सहा लाखांहून अधिक अमेरिकी सैनिकी मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१० च्या अभ्यासात, तीन ते आठ वर्षांच्या मुलांना पालक तैनात असताना मानसिक किंवा वर्तणुकीच्या तक्रारींसाठी डॉक्टरकडे नेण्याचं प्रमाण ११ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. तेव्हा डॉक्टरकडे जावं लागलं तर तुम्ही काही जगावेगळं करत नाही.

पुन्हा गादी ओली करणं, चिकटून बसणं, पोट दुखणं, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं: काही आठवडे वाट बघा. वर्गशिक्षिकेला मात्र पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. हे आठवड्यांमागून आठवडे चाललं, किंवा खाणं-झोप-मित्र सगळंच तुटलं, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. ‘मी मेलो तर बरं’ अशी भाषा, स्वतःला इजा करणं, मोठ्या मुलांमध्ये नशा: यासाठी त्याच दिवशी मदत घ्या. सर्वांत गुणी, सर्वांत शांत मुलाकडेही लक्ष असू द्या.

## १०. वाईट बातमीची तयारी

हे कोणाला वाचायचं नसतं. एका कागदावर एवढंच लिहून ठेवा: बातमी आली तर तुमच्याजवळ कोण येईल, मुलांना शाळेतून कोण आणेल, आणि तिच्या आई-वडिलांना कोण सांगेल. अधिकृत माणसाने सांगेपर्यंत कुठल्याही बातमीवर विश्वास ठेवू नका. त्यानंतर मुलांना तुम्हीच सांगा, साध्या शब्दांत. ‘देवाघरी गेली’, ‘झोपली’ यापेक्षा ‘मरण पावली’ हे लहान मुलांना नीट कळतं.

कैद झाल्यास १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला, पकडल्यावर लगेच, किंवा छावणीत आल्यापासून जास्तीत जास्त एका आठवड्यात, घरी कार्ड लिहायची संधी द्यावी लागते. पत्रव्यवहारावर मर्यादा घातली तरी महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं पाठवता यायला हवीत. बेपत्ता आणि कैद्यांचा शोध घेण्यासाठी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची केंद्रीय शोध यंत्रणा आहे. युद्धात हे नियम दर वेळी पाळले जातातच असं नाही, पण कुठे विचारायचं ते माहीत असावं.

## ११. परत येणं

व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांवर काम केलेल्या अमेरिकी कुटुंबसंशोधक पॉलीन बॉस यांनी मांडलं की माणूस शरीराने नसून मनाने घरात असतो, तसंच शरीराने घरात असून मनाने नसतो. तैनातीत कुटुंबाला दोन्ही भोगावं लागतं. दुसरं परतल्यावर सुरू होतं.

घर तिच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. कपड्यांचा खण बदलला असतो, मुलीने वेणी घालणं शिकून घेतलेलं असतं, झोपायची वेळ अर्धा तास पुढे गेलेली असते. तिला हे बघून आनंद व्हावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते, आणि तिला मात्र आपली जागा भरून गेलेली दिसते. तिने पहिल्याच आठवड्यात शिस्त लावायला घेतली तर मुलं बंड करतात. म्हणून परतण्याआधीच ठरवा: पहिले काही आठवडे नियम घरी राहिलेल्या पालकाचे, परतलेल्याने फक्त खेळायचं, गोष्टी वाचायच्या, शाळेत सोडायचं. मग एकेक जबाबदारी परत सोपवा. तुम्हालाही सोडणं जड जातं, हे ध्यानात ठेवा. मुलांचा डबा ‘माझ्या पद्धतीने’ भरायचा हट्ट माझाच होता.

तान्हं मूल ओळखणार नाही, रडेल. बालवाडीतलं मूल लांबून बघेल, तुमच्या मागे लपेल. जवळ घ्यायला धावू नका. जमिनीवर बसून काहीतरी खेळत राहायचं, ते आपणहून येतं. शाळकरी मुलं विचारतात, ‘तू परत कधी जाणार?’ ऐकणाऱ्याचं काळीज फाटतं, कारण ते हाकलल्यासारखं वाटतं. मुलाला फक्त तारीख हवी असते, म्हणजे किती जीव लावायचा ते ठरवता येतं. माहीत असेल तर खरं सांगा. किशोरवयीन मुलगी खोलीतून बाहेरच येत नसेल तर तिला आठवडे द्या, दिवस नव्हे.

समारंभ नको. पाहुण्यांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोलवा.

युद्धातून आलेल्या माणसाची झोप हलकी असते, आवाजाने दचकतो, गर्दी नको वाटते. मुलांना शिकवा: झोपलेल्या आईला हात लावून उठवायचं नाही, दारातून नावाने हाक मारायची. घरात शस्त्र असेल तर ते कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. तिथे काय पाहिलं ते मुलांनी विचारलं तर ती ‘ते मला आत्ता सांगायचं नाही’ असं म्हणू शकते. खोटी गोष्ट रचू नये. दुःस्वप्नं, एकदम चढणारा राग, सतत सावध राहणं, घरच्यांपासून तुटणं हे महिनाभरानंतरही ओसरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. स्फोटाच्या जवळ असल्याचं ती सांगत असेल आणि विसरभोळेपणा, डोकेदुखी, चिडचिड दिसत असेल, तर डोक्याला मार लागला होता का तेही तपासून घ्या. ‘वेळ जाईल तसं ठीक होईल’ म्हणणारे नातेवाईक डॉक्टर नसतात.

## १२. पुन्हा आदेश आला तर

तीच फाइल काढा. मुखत्यारपत्राची मुदत, वारस नोंदी, पासपोर्ट पुन्हा बघा. मुलांना सांगताना मागच्या वेळची वाक्यं वापरू नका, त्यांचं वय बदललेलं असतं. तेव्हा गाड्या चालवत बसलेला मुलगा या वेळी नकाशा मागेल. आणि ‘मागच्या वेळी जमलं, आताही जमेल’ हे मनाशी धरू नका. आठव्या भागातल्या ११ ते १७ वयाच्या मुलांच्या अभ्यासात तैनातीचे एकूण महिने मोजले होते, आणि दुसऱ्या तैनातीचे महिने पहिल्यांमध्ये मिळवावे लागतात.